फणीच्या दातांवरचं रक्त

साहेब, तुमच्या पंचनाम्यात लिहिलं आहे की माझ्या दातांवरचं रक्त मांजराचं आहे. हे खोटं आहे. लिहिणाऱ्याला ते माहीत होतं आणि सही करणाऱ्यालाही. ज्या बाईचं ते रक्त होतं, ती तुमच्या टेबलासमोर उभी राहून तेच सांगत होती. तरी तुम्ही लिहिलं.

मित्रांनो, साहेब बोलत नाहीत, म्हणून तुम्हाला सांगते. मी एक जुनी फणी आहे. केस विंचरायची नाही, हातमागाची. सध्या मी महानगरपालिकेच्या एका झोन ऑफिसच्या मागच्या कोठीत पडून आहे, मोडक्या खुर्च्या आणि जप्त केलेल्या हातगाड्यांच्या चाकांमध्ये. माझ्या अंगाला सुतळीने एक चिठ्ठी बांधली आहे. तिच्यावर लिहिलं आहे, 'धारदार हत्यार, एक नग.' चाळीस वर्षं मी धागे सांभाळले. मला हत्यार म्हणणारा माणूस अंगात कापड घालूनच लिहायला बसला असेल ना?

माझा जन्म खाप्याचा. कन्हान नदीच्या काठच्या त्या गावात नत्थूजी नावाचे म्हातारे फण्या बांधायचे. वर एक बांबूची पट्टी, खाली एक पट्टी आणि दोन्हींच्या मध्ये पोलादाच्या बारीक काड्या. प्रत्येक काडी डांबर लावलेल्या दोऱ्याने आवळायची. माझ्या अंगात सतराशे काड्या आहेत. नत्थूजी म्हणायचे, "एक काडी वाकडी बसली तर सारं लुगडं रडते." मला बांधायला त्यांना अकरा दिवस लागले.

मला घेऊन गेला श्रावण. नागपुरात, कोष्ट्यांच्या जुन्या वस्तीत त्याचं दोन खोल्यांचं घर होतं आणि मागच्या खोलीत खड्ड्याचा माग. म्हणजे जमिनीत हातभर रुंद खड्डा, त्यात पाय सोडून विणकर बसतो आणि खाली पायाने पट्ट्या दाबतो. मी त्याच्या समोर उभी असायची. ताण्याचा, म्हणजे उभा, प्रत्येक धागा माझ्या दोन काड्यांच्या फटीतून जायचा. आडवा धागा आला की श्रावण मला पुढे ओढायचा आणि मी तो ठोकून जागेवर बसवायची. खट्, खट्. दिवसभर.

ते धागे माझ्या फटींतून ओवायचं काम त्याच्या बायकोचं, मैनाबाईचं. सतराशे फटी, एकही चुकायची नाही. ओवायच्या आधी ती उजव्या हाताचा तळवा माझ्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायची. कुठे काडी वाकली असेल तर तिच्या तळव्याला आधी कळायचं, डोळ्याला नंतर. वरखाली पट्ट्या होत्या, त्यामुळे माझ्या काड्या कधी तिला टोचल्या नाहीत. दसऱ्याला ती मला हळदकुंकू लावायची, तसाच तळवा फिरवायची आणि तो हात कपाळाला लावायची.

आमचं कौतुकही झालं. रामदासपेठेतल्या एका बाईंनी एकदा लुगड्याचा काठ बोटांनी चाचपून विचारलं, "हे मशीनचं का?" श्रावण म्हणाला, "मशीनले इतका वेळ कुठं असते बाई."

पण वेळ श्रावणलाही मिळाला नाही. सूत महाग झालं, गिऱ्हाईक आटलं, माग बंद पडला. दोन वर्षांनी श्रावण गेला. मुलगा वैभव कुरिअरच्या गोदामात लागला. मागाचं लाकूड विकलं गेलं. भंगारवाल्याने मलाही हात लावला तेव्हा मैनाबाई म्हणाली, "तिले नको हात लावू. ते घरची आहे." मग मी न्हाणीच्या भिंतीला टेकून राहिले.

पावसाने मागच्या खोलीचं छप्पर बसलं. मैनाबाईने टिनं काढून टाकली, जागा उघडी केली आणि मागाच्या खड्ड्यात माती भरली. जिथे श्रावणचे पाय असायचे तिथे पालक उगवला. मग मेथी आली, सांबार म्हणजे कोथिंबीर आली, कडेला वांग्याची चार झाडं. बाजारात पाव किलोला विचार करणारी ती बाई घरच्या पालकावर मात्र राणीसारखी हात फिरवायची.

हे सगळं ती सुनेसाठी करायची. अंजू मागच्या वर्षी पाच महिन्यांची गरोदर असताना तिचं पोट रिकामं झालं. का, ते कुणाला कळलं नाही. यंदा पुन्हा दिवस राहिले. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, रक्त कमी आहे, हिरव्या भाज्या खा. आणि हेही सांगितलं की भाजी नीट धुऊन घ्या, मांजर घाण करतं त्या मातीत पोटुशीने हात घालू नये, त्याने बाळाला धोका असतो.

मैनाबाईच्या डोक्यात तेवढंच बसलं. मांजर.

आणि मांजरं तर तिच्याच खड्ड्यात यायची. मऊ माती, उकरायला सोपी. ती कुठून आली तेही सांगते. गल्लीच्या तोंडाशी कचराकुंडी होती. शहर स्वच्छ दाखवायचं म्हणून ती उचलली. भिंतीवर मोठं कमळ रंगवलं आणि खाली लिहिलं, 'येथे कचरा टाकू नये.' लोक त्याच कमळाखाली कोंबडीची पिसं, आतडी, मासळीची डोकी टाकू लागले. उचलायला गाडी येत नव्हती, कारण तिथे कुंडीच नव्हती. वर्षभरात तीन मांजरांची सतरा झाली.

मैनाबाईने सगळं केलं. संत्र्याच्या सालांचा थर टाकला, तर मांजरं त्याच्या शेजारी उकरू लागली. भिवापुरी मिरचीची पूड फेकली, पावसाने धुतली. शेजारणीने सांगितलं म्हणून नीळ घातलेल्या पाण्याच्या बाटल्या ठेवल्या, तर एक लंगडी मांजर बाटलीला टेकूनच झोपली. तिचा मागचा पाय दोन वर्षांपूर्वी दुचाकीखाली गेला होता, तो जमिनीला लागत नसे. ही लंगडी लक्षात ठेवा, मित्रांनो.

मग मैनाबाई झोन ऑफिसात गेली. एकदा नाही, तीनदा, दरवेळी अर्ज घेऊन. तिसऱ्यांदा परत आली तेव्हा अंजू ओट्यावर भाजी निवडत होती.

"काय म्हणाले आई?"

"म्हणाले कुत्र्याले गाडी आहे. मांजराले खातंच नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे मांजर कोणाचंच नाही वं. मी म्हटलं, बरं, कचरा कोणाचा? तर म्हणते, बाई, तिथं कचरा नाही, तो पॉइंट बंद केला आपण."

अंजू हसली. "तुम्ही एक मासळीचं डोकं न्यायला पाहिजे होतं टेबलावर."

"नेलं असतं. पण मांजरं मागं मागं आले असते ऑफिसात. मंग खातं उघडा लागलं असतं त्यायले."

दोघी हसल्या. त्या घरातलं ते शेवटचं हसू मी ऐकलं.

दुसऱ्या दिवशी मैनाबाईने मला उचललं आणि गल्लीत ग्रिल बनवणाऱ्या भैयाजीच्या दुकानात नेलं. म्हणाली, वरची पट्टी कापून दे. म्हणजे काड्या दातांसारख्या उघड्या होतील, त्या मातीत रोवल्या की मांजराला पाय ठेवता येणार नाही.

भैयाजीने ग्राइंडर खाली ठेवला. "माय, हे फणी आहे. दसऱ्याले पुजता तुम्ही इले. पाप लागते."

"पाप मले लागू दे. पोरीचं पोट राहिलं पाहिजे."

"जाळी लावून देतो ना मी. पैसे मंग द्या."

"याच्या आधीचे दोन 'मंग' अजून द्याचे आहे मले. काप."

त्याने कापलं. नत्थूजींनी अकरा दिवस आवळलेली पट्टी दोन मिनिटांत जमिनीवर पडली. दुखलं का, असं विचाराल तर हो, दुखलं. पण त्याहून जास्त लाज वाटली. ज्या हाताने सतराशे धागे सांभाळून ओवले, त्याच हाताने मला दात वर करून मातीत रोवलं.

आणि ऐका, माझ्यामुळे एकही मांजर अडलं नाही. माझ्या काड्या बारीक, लवचिक. मांजरांनी दोन दिवस वास घेतला आणि तिसऱ्या दिवशी मला ओलांडून पलीकडे उकरलं. कोणाच्या पंजाला साधा ओरखडाही आला नाही. मी गंजत राहिले, दात वर करून, मांजराच्या घाणीत.

मग दसरा आला. सकाळी मैनाबाई अंघोळ करून खड्ड्याच्या काठावर येऊन बसली. मला मातीतून काढलं नाही. काढलं तर मांजरं येतील, असं तिला वाटत होतं. तिथेच हळदकुंकू लावलं. आणि मग तिचा उजवा हात आपोआप माझ्या या टोकावर आला.

चाळीस वर्षांची सवय. हाताला सांगावं लागत नाही. तळवा दाबून ती या टोकापासून त्या टोकाकडे गेली आणि अर्ध्यावर थांबली. माझं वरचं अंग नव्हतं, हे तिच्या डोक्याला माहीत होतं. तळव्याला माहीत नव्हतं.

तिने तोंडातून आवाज काढला नाही. आत अंजू होती. हात कपाळाला लावला, त्यामुळे कपाळही लाल झालं. मग जखमेवर हळद दाबली, चिंधी बांधली आणि सणाचा स्वयंपाक केला. तिला साखरेचा आजार आहे, जखम लवकर भरत नाही, हे तिला ठाऊक होतं. पण सणासुदीला दवाखान्यात कोण जातं, असं म्हणून तिने दिवस काढला.

दुपारी ती लंगडी मांजर आली. माझ्या दातांवरचं रक्त तिने जिभेने चाटलं आणि तीन पायांवर लंगडत निघाली. समोरच्या फ्लॅट स्कीमच्या गॅलरीतून अदिती नावाच्या मुलीने ते मोबाईलवर टिपलं. टोकदार दात, रक्त, लंगडणारं मांजर. तिला जे दिसलं ते तिने खरं मानलं. मला तिचा राग येत नाही. संध्याकाळपर्यंत ते हजारो लोकांनी पाहिलं.

तीन अर्जांना न आलेली जीप सुट्टी संपताच सकाळी दहाला दारात उभी राहिली.

मैनाबाई तेव्हा दवाखान्याची फाईल काखेत घेऊन निघालीच होती. हात सुजून कोपरापर्यंत तापला होता. जीपमधून उतरलेल्या माणसाला ती म्हणाली, "साहेब, ते रक्त माझं आहे. हे पाहा."

तो म्हणाला, "बाई, तुमचा हात वेगळा विषय आहे. तक्रार मांजराची आहे. आधी ऑफिसात चला."

मला उपटलं आणि तिला सोबत नेलं. अकरापासून तिला बाकावर बसवलं. मोठे साहेब जेवायला गेले, मग मीटिंगला. मी समोरच्या टेबलावर होते. तिला थंडी वाजत होती, ती पदर अंगाभोवती ओढत होती. पाच वाजता पंचनामा समोर आला. टेबलासमोर उभी राहून ती पुन्हा म्हणाली, रक्त माझं आहे. डाव्या हाताने सही येत नाही म्हणाली, तर बाबू म्हणाला, "उजव्या हातानं करा ना मग." तिने केली.

त्यानंतर ती मला दिसली नाही. पंधरा दिवसांनी वैभव ऑफिसात आला तेव्हा कळलं.

"आईचा हात कापला साहेब," तो बाबूला म्हणाला. "मनगटाच्या वरून. दसऱ्याले त्याच हातानं स्वयंपाक करत होती."

बाबू म्हणाला, "वाईट झालं."

"ते फणी मागून राहिली. म्हणते घरी आण, आता मातीत नाही रोवत, देवाजवळ ठेवतो."

"मुद्देमाल आहे. निकाल लागेपर्यंत देता येत नाही."

"आणि मांजरं?"

"ते खातं नाही आपल्याकडे."

वैभवने माझ्याकडे पाहिलं. मग हलक्या आवाजात म्हणाला, "अंजूले आठवा लागला. घाबरून ते भाजीच खाऊन नाही राहिली," आणि निघून गेला.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी मी तुम्हाला सांगायला हवं की जुन्या वस्तूंची काळजी घ्या. घ्या. पण ज्या हातांनी त्या वस्तू वापरल्या, त्या हातांची आधी घ्या. मी पोलादाची आहे, मला गंज पुसता येतो. तिचा तळवा कोणी नवीन बांधून देणार नाही, अकरा दिवस बसलं तरी.

आणि साहेब, आता तुम्ही ऐका. माझ्या दातांवरचं रक्त वाळून गेलं, ते कोणाचं हे तुम्ही म्हणाल तसं. पण तुमच्याच फाईलमध्ये तो पंचनामा आहे. काढा. खाली मैनाबाईची वाकडीतिकडी सही आहे आणि सहीला लागून, कागदावर, चिंधीतून उतरलेला एक तपकिरी डाग आहे.

तोही मांजराचाच का? लेखी उत्तर द्या.