यांनी पाहिलेले भाग

मी नवऱ्याला आवडते की नाही, हे मला लग्नानंतर कुणी सांगितलंच नव्हतं. भांडण म्हणाल तर नव्हतं. हे कधी आवाज चढवायचे नाहीत, स्वयंपाकाला नावं ठेवायचे नाहीत, माझ्या माहेरच्यांशी नीट वागायचे. पण आमचे शांताराम परब बोलायचे किती, तर बाजारातून काय आणू आणि आज कोण भेटलं, एवढंच. मुलगा बंगलोरला गेला, हे रिटायर झाले, विक्रोळी सोडून आम्ही वसई पूर्वेच्या एव्हरशाईन सिटीत तिसऱ्या मजल्यावर राहायला आलो, आणि घर इतकं गप्प झालं की फ्रिज घरघरला तरी मला सोबत वाटायची.

त्यातच ती कोरियन मालिका लागली. दोन हजार सात साल असेल. हिंदीत डब केलेली, सोमवार ते शुक्रवार, दुपारी. मी गवार मोडता मोडता टीव्ही लावला आणि गवार तशीच राहिली. एक बेट. मिठागरं. पाण्यावर पहाटेचं धुकं, आणि डोक्यावर टोपली घेऊन बांधावरून चालणारी एक मुलगी. दीपगृहावर नोकरीला आलेला एक मुलगा तिला वरून बघतो. पहिला आठवडाभर एवढंच. कुणी कुणाच्या थोबाडीत मारली नाही, मागे ढोल बडवले नाहीत. एकदा तो खाली उतरून तिच्या बांधावर आला. ती बोलली नाही, थांबलीही नाही. फक्त बांधाच्या कडेला सरकून चालू लागली, म्हणजे त्याला शेजारून चालता यावं.

मी सोफ्यावर होते, पण माझे पाय त्या बांधावर होते. आमच्या गॅलरीतून लांब नायगावच्या बाजूची मिठागरं दिसायची, उन्हात पांढरी, संध्याकाळी जांभळी. भाग संपला की मी तिकडे बघत उभी राहायची आणि आत चहा उतू जायचा.

त्या दोघांची नावं माझ्या तोंडात कधी बसली नाहीत. माझ्यासाठी तो म्हणजे तो आणि ती म्हणजे ती. मला एकच गोष्ट बघायची होती, की तो तिला कधी सांगतो. नजरेने नाही, तोंडाने. का बघायची होती ते वर सांगितलंच आहे, पुन्हा सांगायला लावू नका.

अडचण होती लोडशेडिंगची. एक दिवस आमची वीज सकाळी जायची, एक दिवस भर दुपारी, म्हणजे निम्मे भाग गेले. वसई गावात वेळा उलट्या होत्या. तिथे बाजारात यांचा जुना मित्र फ्रान्सिस, त्याचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान, आणि जेवण झालं की हे बस पकडून त्याच्याकडे जाऊन बसायचे. मी म्हटलं, "अहो, नाहीतरी तुम्ही टीव्हींच्या गराड्यात बसता. आपल्याकडे वीज नसेल त्या दिवशी माझा भाग बघा आणि मला येऊन सांगा."

"बरं," हे म्हणाले. दळण सांगितलं तरी बरं, मालिका सांगितली तरी बरं.

पहिल्या दिवशी आले ते चप्पल काढून गप्प. मी विचारलं, "काय झालं?"

"पाऊस पडला."

"मग?"

"ती भिजली."

असा माणूस! मी यांना शिकवायला घेतलं. ती कुठे बघत होती, त्याच्या हातात काय होतं, वारा होता का, सगळं सांगायचं. हळूहळू यांना जमायला लागलं. दिवेलागणीला वीज पुन्हा गेलेली असायची. गॅलरीत दोन खुर्च्या टाकून आम्ही बसायचो. हे मिठागरांकडे बघत सांगायचे आणि मी डोळे मिटून ऐकायची. समोर बिल्डिंगा होत्या, रिक्षा होत्या, खाली पोरं क्रिकेट खेळत होती, पण माझ्या अंगावरून बेटावरचा वारा जायचा. यांचा आवाज इतका चांगला आहे, हे मला तेव्हा कळलं.

आणि मग मालिका बिघडली. कशी म्हणून बिघडली! त्याची एक श्रीमंत आई उपटली. त्या आईच्या गाडीखाली ती आली आणि तिची दृष्टी गेली. त्या धक्क्याने याची स्मृती गेली. एकाला दिसत नाही, दुसऱ्याला आठवत नाही, मग प्रेम करणार कोण? एवढं चांगलं धुकं होतं, बांध होता, सगळ्याची माती केली. मी टीव्हीशी भांडायची. पाहुणा म्हणून आलेल्या माणसाने भरल्या ताटात हात धुवावा तसा मला त्या लेखकाचा राग आला.

पण एक गंमत होती. रद्दी सगळी माझ्या दिवशी लागायची. यांच्या दिवशीचे भाग सोन्यासारखे. माझ्या भागात ती काळा चष्मा लावून चाचपडत होती. मी रडवेली होऊन सांगितलं, तर दुसऱ्या दिवशी हे म्हणाले, "काही नाही, डोळे आलेत तिचे. साथ आहे तिकडे."

"अहो, डॉक्टर स्वतः म्हणाला, दृष्टी गेली."

"तो डॉक्टर विकला गेलाय. पुढे कळेल."

"आणि तो तिला ओळखत नाही त्याचं काय?"

"रुसलाय. ओळख दाखवत नाही, एवढंच."

श्रीमंत आईला तर यांनी घरमालकीण करून टाकलं. एकदा म्हणाले, त्याने तिला सुकेळी आणून दिली, उन्हात वाळवून केळीच्या सोपात बांधलेली. आपल्या वसईसारखी सुकेळी कोरियात कुठून आली, मी विचारलं. "तिकडेही केळी होतात म्हणे," हे म्हणाले. मी मान्य केलं. मला मान्य करायचंच होतं.

नाताळाच्या आधी मी काही खरेदीला वसईच्या बाजारात गेले होते. हे त्या दिवशी पेन्शनच्या कामाला मुंबईला गेलेले. म्हटलं, फ्रान्सिसचे आभार मानावेत, एवढे दिवस आपली मालिका त्याच्या दुकानात चालते. तो एका टीव्हीचं मागचं झाकण काढून बसला होता. मी आभार मानले तर त्याने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

"वहिनी, शांताराम मालिका बघतो असं तुम्हाला वाटतं?"

"बघत नाहीत?"

"आधी बघायचा. मन लावून बघायचा. पण ती पोरगी आंधळी झाली ना, त्या दिवशी उठून त्याने टीव्ही बंद केला. म्हणाला, हे मी घरी जाऊन कसं सांगू? आता तो टीव्हीकडे पाठ करून, रस्त्याकडे तोंड करून बसतो. मी बोलायला गेलो तर म्हणतो, थांब रे, भाग तयार करतोय."

मी घरी आले ती धुमसतच. मला काय लहान पोर समजतात? साखर घालून औषध पाजावं तशी मला मालिका पाजत होते! आज आले की विचारायचंच, असं ठरवून मी गॅलरीत बसले. हे मुंबईहून दमून आले, तोंड धुतलं, खुर्चीत बसले. मी तोंड उघडणार, तेवढ्यात यांनीच सुरू केलं. म्हणे आज वसई गावातून आलो, फ्रान्सिसकडे भाग बघितला.

"ती बेट सोडून शहरात आली," हे म्हणाले. "दोन खोल्यांत राहते. नळ सगळ्यांचा मिळून एक. पहाटे रांग लागते. ती तिथे उभी राहून रडते, कारण नळाच्या आवाजात रडणं ऐकू येत नाही. समुद्र आठवतो तिला."

"मग?" मी विचारलं.

"त्याने ते बघितलं. पण विचारायचं कसं? नवीन माणूस, ओळख कमी. विचारलं आणि ती परत जाते म्हणाली तर? मग तो रोज तिच्या आधी उठायला लागला. पाणी भरून ठेवायचा. तिला नळावर जायलाच लागू नये."

विक्रोळीला आमचा नळ सामायिक होता. लग्न होऊन मालवणहून नवीन आले तेव्हा मी त्या रांगेत रोज रडायची. आणि एका पहाटे उठून बघते तर पिंप भरलेलं. पुढे ते रोजच भरलेलं असायचं, मुलगा शाळेत जाईपर्यंत. मला वाटायचं, यांना झोप कमी आहे. मी सासूबाईंना तसं सांगितलंही होतं, की तुमच्या मुलाला पहाटे झोप येत नाही, डॉक्टरला दाखवायला हवं.

राग कुठे गेला ते कळलं नाही. समोरची मिठागरं धूसर झाली, ती अंधाराने की माझ्या डोळ्यांनी, कोण जाणे. "चांगला होता आजचा भाग," एवढंच म्हटलं.

त्यानंतर मी गप्प राहिले, आणि मुद्दाम राहिले. खरी मालिका गेली खड्ड्यात. मला आता यांची मालिका हवी होती. यांच्या मालिकेतला तो शेवटी काय म्हणतो, यासाठी मी जीव मुठीत धरून बसले होते. वय झालेल्या बाईने असं करावं का? करू नये. पण मी केलं.

शेवटचा भाग आला तेव्हा वीज जायची पाळी आमची होती. सकाळी जवळच्या जूचंद्र गावची कमळी भाजी घेऊन आली. मी हळहळले तर म्हणाली, "वयनी, आमचे घरा लाईट हाय. या ना बगाला." हे वसईला निघाले आणि मी रिक्षाने जूचंद्रला गेले. कमळीने पाट दिला, पानी घ्या म्हणाली. ओटीवर तिची सून रांगोळीचे रंग चाळत बसली होती, तीही हात झटकून आत आली. आम्ही तिघींनी मिळून पाहिलं. बर्फ पडतोय, ती विमानतळावर, याला अचानक सगळं आठवलं, हा धावत निघाला आणि विमानतळासमोरच रस्ता ओलांडताना गाडीखाली गेला. तिच्या हातात हात दिला, ओठ हलवले, आणि मेला. वर संगीत.

"सांगला का नाय त्यानं काय?" कमळीने विचारलं.

"नाही," मी म्हटलं.

"मंग येवरे दिवस करत काय व्हता?"

परत येताना रिक्षा मिठागरांच्या कडेने आली. पांढऱ्या ढिगांवर संध्याकाळ उतरली होती. मला खरंच रडू येत होतं, एका मूर्ख मालिकेसाठी. आणि भीती वाटत होती. यांनीही असंच काही केलं तर? ओठ हलवून सोडून दिलं तर?

हे आले. मी खुर्च्या आधीच टाकल्या होत्या.

"संपली," हे म्हणाले.

"सांगा."

"दोघं म्हातारी झालीत. परत बेटावर आलीत. दीपगृहात आता यंत्र बसवलंय, माणूस लागत नाही. दोघं बांधावर बसलीत. वारा आहे." मला वारा आवडतो हे यांना पाठ होतं. "त्याला तिला एक सांगायचंय. बऱ्याच वर्षांचं राहिलंय. मुलगा झाला, शिकला, गेला, पण ते राहूनच गेलं. तो तिच्याकडे वळला. म्हणाला..."

हे थांबले.

"काय म्हणाला?"

यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "तेवढ्यात दुकानातली लाइट गेली."

मग मात्र माझा तोल गेला. "खोटं! मी आज कमळीकडे बसून अख्खा भाग पाहिला. तो गाडीखाली मेला. आणि फ्रान्सिसने मला केव्हाच सगळं सांगितलंय. डोळे आलेत म्हणे! सुकेळी म्हणे! इतके दिवस एवढं सगळं बनवून सांगितलंत, आणि नेमकं एक वाक्य तुम्हाला बनवता आलं नाही?"

हे चोरी पकडल्यासारखे दिसत होते, पण घाबरलेले दिसत नव्हते.

"आलं असतं," हे म्हणाले. "बसमध्ये बनवलंही होतं. पण ते त्याच्या तोंडून कशाला सांगू? ते माझं आहे."

खाली कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं. ती फुरफुरायची आणि बंद पडायची. हे माझ्याकडे वळले. मिठागरांकडे नाही, माझ्याकडे.

"तू मला आवडतेस, सुहास. पहिल्यापासून. तू परत जाशील म्हणून मी बोलायचो नाही. मग सवयच लागली."

इतकी वर्षं ज्याची वाट बघितली ते एवढंसं होतं, आणि ते माझ्या गॅलरीत मावत नव्हतं. मी एकेक शब्द ऐकला होता.

"त्या मेल्या स्कूटरच्या आवाजात काही ऐकू आलं नाही," मी म्हटलं.

हे ओशाळून हसले. स्कूटर सुरू होऊन फाटकाबाहेर जाईपर्यंत थांबले, आणि यांनी पुन्हा सांगितलं.