ओझेलाचा भाचा

रेडिओवर ते गाणं पहिल्यांदा लागलं तेव्हा ओझेला हॉलिफील्डच्या हातात केस सरळ करायचा तापलेला लोखंडी कंगवा होता आणि कंगव्याखाली अर्थाली बॉयकिनचं डोकं होतं. गाणं पुढे गेलं, कंगवा जागीच राहिला. अर्थालीच्या कानाशी धुराची बारीक रेघ उठली.

"ओझेला, नरकात जायचं तेव्हा जाईन मी. तू आत्तापासून भाजायला घेऊ नकोस."

ओझेलाने कंगवा उचलला, पण तिचं लक्ष फळीवरच्या रेडिओकडेच होतं. "ऐकलास तो आवाज?"

"ऐकला की. बाई सोडून गेली म्हणून रडतोय. बाप्ये दुसरं काय गातात?"

"हा सायलसचा गळा आहे."

सायलस म्हणजे ओझेलाचा थोरला भाऊ. महायुद्धाच्या आधी उत्तरेकडच्या कारखान्यांत कामाला म्हणून गाडीत बसला, दोन नाताळांना त्याची कार्डं आली, आणि मग दगड पाण्यात पडावा तसा तो गप्प झाला. जाण्याआधी 'लिटल झायन' या ख्रिस्ती देवळात भजनाची ओळ तोच द्यायचा. पुस्तकं थोडी, वाचणारे त्याहून थोडे. म्हणून एकाने ओळ म्हणायची आणि साऱ्या देवळाने ती ओढून ओढून, लाटेसारखी परत आणायची. सायलस ओळीच्या शेवटच्या शब्दावर चढायचा, तिथे त्याच्या सुराला ठेच लागायची, आणि पडतोय पडतोय म्हणेपर्यंत तो अलगद खालच्या पायरीवर बसलेला असायचा. हुबेहूब तीच ठेच आज रेडिओतून आली होती. वर निवेदकाने सांगितलं, गाणारा लोनी हॉलिफील्ड.

"नाव हॉलिफील्ड, गळा सायलसचा," ओझेला म्हणाली. "त्याचा मुलगा आहे तो. माझा भाचा. आणखी काय, अंगावरचा तीळ दाखवू?"

रविवारपर्यंत ही बातमी गावभर झाली. तिच्या केसांच्या दुकानात येणाऱ्या प्रत्येक बाईला केस विंचरता विंचरता भाचा ऐकावा लागे. अर्थाली चिडवायची, "भाचा आहे तर आत्याला एक चार ओळींचं पत्र टाकेना का?" ओझेला ऐकून सोडून द्यायची. तिला मूलबाळ नव्हतं. आईबाप देवळामागच्या मातीत निजले होते. आपल्या मागे या घराला नुसतं कुलूप लागणार, हे ती रोज दिवा मालवताना स्वतःला सांगत आली होती. आता कुणीतरी किल्ली घेऊन वाटेला लागलंय असं तिला वाटायला लागलं होतं.

आणि ऑगस्टात लॉज नावाच्या मंडळाच्या हॉलवाल्यांनी लोनी हॉलिफील्डला शनिवारी दुपारच्या कार्यक्रमाला बोलावलं.

गावातलं हॉटेल आपल्या काळ्या लोकांना खोली द्यायचं नाही. कायदा बदलला म्हणत, पण हॉटेलच्या कारकुनापर्यंत तो अजून पोचला नव्हता. त्यामुळे बाहेरून येणारे गवई, पाद्री, बेसबॉलवाले, सगळे कुणा ना कुणाच्या घरीच उतरत. या खेपेला ओझेलाने कुणाला बोलूच दिलं नाही. सायलसची खोली तिने घासून पुसून काढली, खिडकीला नवा पडदा लावला, दोन कोंबड्या तळल्या, भेंडी परतली, मक्याचा पाव भाजला, पीचचं गोड भट्टीत सरकवलं आणि अंगावर इस्टरचा झगा चढवून पडवीत येऊन बसली. अर्थाली पंखा घेऊन शेजारी होतीच. रेव्हरंड स्पायवी पाहुण्याला आशीर्वाद द्यायला आले होते. कोंबडी तळली जात असेल त्या घरी आशीर्वाद द्यायची वेळ त्यांची कधी चुकत नसे.

एक धुळकट मोटार आली. आतून एक गोरा पोरगेला तरुण उतरला. काडीसारखा, नाकावर तांबूस ठिपके, कान मोठे, टोपी हातात.

"विम्याचा माणूस," अर्थाली ओठ न हलवता म्हणाली. "शनिवारी जेवणाच्या वेळी दुसरा कोण मरायला येतो?"

"हप्ता दिलाय मी," ओझेला वरूनच म्हणाली. "बाकी काही असेल तर सोमवारी या. आज घरी पाहुणा यायचाय."

"मी विम्याचा नाही, बाई." त्याने टोपी दुसऱ्या हातात घेतली. "मी लोनी हॉलिफील्ड. माझी उतरायची सोय मिस ओझेलांकडे आहे म्हणून सांगितलं."

अर्थालीचा पंखा थांबला. रेव्हरंडांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. माणूस तोच राहिला. ओझेला पायऱ्या उतरली, त्याच्या अंगावरून गेली आणि मोटारीच्या मागच्या काचेला डोळे लावून उभी राहिली. आत खुंटीला टांगलेला इस्त्रीचा निळा कोट होता. कोटात कुणी नव्हतं.

"ओझेला," पडवीतून आवाज आला, "तुझा भाचा वाटेत विटला गं."

लोनी मानेपासून कानापर्यंत लाल झाला.

"घाबरू नकोस. रंग परत येतोय."

"अर्थाली, जरा गप्प बस."

"गप्प बसायला तूच मला बोलावलंस होय?"

लोनी खाली बघून बोलायला लागला. त्याला हे नवीन नव्हतं. तबकडीच्या कव्हरावर कंपनीने मावळता सूर्य छापला होता, माणसाचा फोटो नाही. मागच्या गावात तर वाजवणाऱ्यांनीच त्याला विचारलं होतं, सामान ठेवून झालं असेल तर गाणाऱ्याला पाठव. "तुमची फसगत झाली, मिस ओझेला. मी आपला हॉटेलात जातो."

जाऊ द्यावं, असं ओझेलाला क्षणभर वाटलं. जाऊ द्यावं, खोलीचं दार ओढून घ्यावं, आणि सायलसचं जे काय राहिलं होतं तेही आज गेलं म्हणून निवांत रडावं. पण पायरीवर टोपी चुरगाळत उभ्या असलेल्या माणसाला उपाशी परत पाठवायची तिच्या घराची रीत नव्हती.

"हॉटेलातली कोंबडी जगात कुणी खाऊ नये," ती म्हणाली. "आत ये. निवून चाललंय."

"लवकर या," रेव्हरंड म्हणाले. "रस्त्याला डोळे असतात."

टेबलाशी बसल्यावर प्रार्थना झाली आणि मग जी चौकशी या गावात प्रत्येक नव्या माणसाची होते ती झाली. तुम्ही कुठले, कुणाचे? लोनी नदीपलीकडचाच निघाला, बोटी दुरुस्त करणाऱ्याचा मुलगा. त्याच्या पणजोबांची नदीकाठी कापसाची गिरणी होती, केव्हाच बुडाली.

"माझे आजोबा त्याच गिरणीमागच्या गुलामांच्या खोपटात जन्मले," ओझेला म्हणाली. "नाव तिथूनच आलं आमच्याकडे."

लोनीने काटा खाली ठेवला. रेव्हरंडांना ताटातल्या भेंडीत एकाएकी फार काही सापडलं.

"रक्ताचा आहे म्हणाली होतीस ना ओझेला?" अर्थाली गोडसर आवाजात म्हणाली. "मी काही तुला खोटं पाडत नाहीये."

कुणाला हसू येईना. मालक आणि गुलाम बाया यांची ती जुनी गोष्ट होती, सगळ्यांना ठाऊक होती, आणि ठाऊक होती म्हणूनच आजवर कुठल्या टेबलावर आली नव्हती. मग ओझेलाच आधी हसली, पोटातून, डोळ्यांत पाणी येईल इतकी. तिच्या मागून इतर, आणि सर्वांत शेवटी, परवानगी मिळाल्यासारखा, लोनी.

"ते असो," ती डोळे पुसत म्हणाली. "पोरा, एवढंच सांग. ती ठेच तुला कुणी दिली?"

त्याला लगेच कळलं ती कशाबद्दल विचारतेय. "तुमच्या देवळाने, बाई. ते नदीच्या वळणावरचं."

लहानपणी रविवारी तो बापाच्या बोटीत, पलीकडच्या लव्हाळ्यांत, उताणा पडून राहायचा. उकाड्यामुळे लिटल झायनच्या खिडक्या उघड्या असायच्या. एक माणूस ओळ द्यायचा, पाण्यावरून ती पलीकडे यायची. देऊळ ती घ्यायचं, आणि लोनीही घ्यायचा, हळू, बापाला कळू नये इतकी. त्याने टेबलाच्या कडेला बोटं टेकली आणि तोंड न उघडल्यासारखं म्हटलं:

दिवा मंद, वाट लांब, कोण हाक मारी दूर?
थांब म्हणे, आलो म्हणे, पाणी उतरे, सरे पूर.

'दूर'च्या आधी तो बारीकसा खोकला. मग चढला, ठेचकाळला आणि खालच्या पायरीवर बसला.

ओझेलाने मनातल्या मनात वर्षं जुळवून पाहिली. जुळली नाहीत. हा जन्मायच्या आधीच सायलस गाडीत बसला होता. मग ओळ देणारा तो नव्हे. तिने मान वळवली, आणि तिला दिसलं की अर्थाली चहाचा थंड पेला दोन्ही हातांनी धरून लोनीकडे बघत बसली आहे.

"खोकलास का?" अर्थालीने विचारलं.

"ते ओळीतच आहे, बाई. ते दर वेळी खोकायचे. मला वाटायचं भजनच तसं आहे. मोठा झाल्यावर कळलं, पण तोवर सवय लागली होती. कंपनीवाले म्हणाले खोकला काढून टाकू. मी म्हटलं, मग पुढचा सूर निघत नाही."

"भजनात नव्हता तो," अर्थाली म्हणाली. "होसियाच्या छातीत होता. लाकूड कापायच्या गिरणीतला भुसा. त्यातच गेला माझा नवरा."

ओझेलाने तिचा पेला पुन्हा भरला.

"होसियाला ओळ द्यायला सायलसने शिकवलं," ओझेला हळूच म्हणाली. "सायलसच्या कोपराला कोपर लावून बसायचा होसिया. चांगला आठवतोय मला."

"शिकवलं असेल. खोकला होसियाचा स्वतःचा."

"ठेच सायलसची."

"ठेच दोघांची. आणि आवाज ऐकून नातं सांगायचं तर ते माझ्या घरचं सांग. होसिया सगळा जन्म तसाच गात होता, तेव्हा कधी त्याला भाऊ म्हणाली नाहीस ती."

"तो माझं ऐकायचा नाही, म्हणून."

"ऐकायचा तर तो माझंही नाही," अर्थाली म्हणाली आणि नाक पुसलं.

रेव्हरंडांनी घड्याळ काढलं. "भगिनींनो, वाटणी नंतर करा. हॉलमध्ये माणसं जमली असतील. आणि तिथे सगळ्यांना ठाऊक आहे की सिस्टर हॉलिफील्डांचा भाचा येतोय. त्यांना काय सांगायचं?"

लोनी चटकन म्हणाला, "काही सांगू नका. मी पहिलं गाणं पडद्याआडून गातो. मग पडदा उघडतात. तोवर लोक रमलेले असतात, फारसे उठून जात नाहीत. सोपं पडतं."

ओझेलाला ते पटलं. तिलाही सोपं पडलं असतं. मागच्या दाराने जाऊन शेवटच्या रांगेत बसावं. पडदा उघडेल तेव्हा सगळ्या माना पुढे, तिच्याकडे एकही नाही. उद्या म्हणता येईल, नावाचा घोटाळा झाला बाई, रेडिओवर काय, काहीही ऐकू येतं. पण मग आपण ऐकलं होतं ते खोटं ठरेल. आणि ते खोटं नव्हतं. सायलस ज्या गाडीने गेला ती परत आली नव्हती, कधी येणारही नव्हती. पण जाताना तो सगळाच गेला नव्हता, एवढं आज कळलं होतं. ते शेवटच्या रांगेत लपून कसं ऐकायचं?

"पडद्याआडून ऐकायला घरी रेडिओ आहे माझ्याकडे," ती म्हणाली. "कोट घाल. आणि मला हात दे, त्या हॉलच्या पायऱ्या उंच आहेत."

"मिस ओझेला, लोक तुम्हाला हसतील."

"मग तू बरा गा."

ती पुढच्या दाराने आत शिरली. इस्टरचा झगा, आणि दंडाला दंड लावून तो निळ्या कोटातला काडीपैलवान. हॉलमधली कुजबुज रांगेरांगेने विझत गेली. मधल्या वाटेच्या दोन्ही बाजूंना तिच्याकडे केस सरळ करून घ्यायला येणाऱ्या सगळ्या बायका बसल्या होत्या. त्यांतल्या प्रत्येकीला भाचा तोंडपाठ होता.

"ओझेला, हा कोण गं?"

"भाचा."

"कुठला?"

"पलीकडच्या काठाचा. पूल लांब पडतो, म्हणून यायला उशीर झाला."

हसण्याचा असा फुगा फुटला की ढोलवाल्याने घाबरून टिपरू सोडलं. तिसऱ्या रांगेतला एक गृहस्थ टोपी घेऊन उठला. बायकोने कोट धरून त्याला खाली बसवलं. "तिकीट काढलंय. पैसे फिटेपर्यंत ऐक, मग उठ." ओझेलाचे कान तापले होते, पण तिने मान खाली घातली नाही. पहिल्या रांगेत, ऐन मध्ये बसली. अर्थाली शेजारी.

पहिलं कडवं हसण्यातच बुडालं. लोनीचा आवाज बावरलेला होता, बुजऱ्या वासरासारखा भिंतीभिंतीने फिरत होता. दुसऱ्या कडव्यात ती सोडून गेलेली बाई वळणावर दिसेनाशी होते. तिथे तो थांबला आणि बारीकसा खोकला. मागच्या बाकांवरच्या म्हाताऱ्या माणसांनी एकदम माना वर केल्या. सूर चढला, ठेचकाळला, बसला. आणि कुणी सांगितलं नसताना, देवळात घेतात तशी, अर्ध्या हॉलने ती ओळ ओढून परत आणली. गाणं प्रेमभंगाचं होतं, रेव्हरंड समोर बसले होते, पण ओळ आली म्हटल्यावर कोण सोडतो?

"गा, बाळा," मागून कुणी म्हातारी म्हणाली. "घाई करू नकोस."

तिसऱ्या रांगेतल्या गृहस्थाने टोपी बाकाखाली ठेवली.

ओझेला त्याच्याकडे टक लावून बघत होती. तो तांबूस ठिपक्यांचा चेहरा, ते कान, कपाळावरचा घाम. त्यात सायलसचं काही नव्हतं आणि ते बघायचं तिने टाळलं नाही. शेजारी बघते तर अर्थालीने डोळे मिटून घेतलेले.

तिने कोपराने ढोसलं. "डोळे उघड की. एवढा समोरच्या दाराने आणलाय त्याला."

"तू बघ तुझ्या भाच्याला," अर्थाली डोळे न उघडता म्हणाली. "मी माझ्या नवऱ्याशी बोलतेय."