काकडी निष्पाप, बटाटा गुन्हेगार

रविवारी सकाळी वाचनालयाचा हॉल नऊच्या आधीच गच्च भरला. प्रत्येकाच्या मांडीवर पिशवी. कुणी बटाटे आणले होते, कुणी तांदूळ, कुणी पाव. खायला नव्हे, त्यातलं विष बघायला.

मंचावर हिरवेगुरुजी उभे होते. नावात हिरवे, अंगात मात्र पायघोळ पांढरा झगा, तोही असा कडक की गुरुजी वळले तरी झगा क्षणभर आपल्या जागीच राही. त्यांनी बाजारातला बटाटा कापला, त्यावर 'सत्यजला'चा एक थेंब टाकला. बटाटा काळानिळा पडला.

"अगं बाई!" हॉलभर उसासा.

"रसायन बोललं!" गुरुजी गरजले. "आता आमच्या मळ्यातली सेंद्रिय काकडी." थेंब पडला, काकडी जराशी पिवळसर झाली, बस्स. "बघा, गप्प आहे! निष्पाप जीवाला बोलायचं काय कारण?" मग त्यांनी बटाट्यावर 'शुद्धीजल' शिंपडलं आणि काळा डाग डोळ्यांदेखत नाहीसा झाला. टाळ्या थांबेनात. ही दुसरी बाटली दाराशी विकायला होतीच.

चौथ्या रांगेत लाँड्रीवाली हाताची घडी घालून बसली होती. तिचा नवरा, निवृत्त बसड्रायव्हर, पहिल्या रांगेत टाळ्या पिटत होता आणि मधूनच कपाळ दाबत होता.

तीन आठवड्यांपूर्वी तिच्या घरात खाण्याचा काही जाच नव्हता. बहुतेक दिवस भाज्या आणि डाळी, मनात आलं तर अंडं, पाहुणा आला तर मासळी. भाजी घ्यायची ती पुलापलीकडच्या शेतकरीणबाईकडून. ती औषध फवारत नसे, त्यामुळे तिच्या कोबीत हमखास अळी निघे. "आपल्याआधी कुणीतरी चाखून पाहिलंय," असं म्हणून लाँड्रीवाली अळी बाजूला काढी आणि कोबी चिरायला घेई. मग नवरा गुरुजींकडे गेला. तांदूळ काळे पडले, पाव काळा पडला, त्या शेतकरीणबाईचे बटाटेसुद्धा काळे पडले. गिऱ्हाइकं तुटली आणि बिचारी भरल्या पाटीसमोर रडत बसली.

इथवर चाललं असतं. पण नवऱ्याने खिशातली रक्तदाबाची गोळी काढून गुरुजींपुढे धरली. थेंब पडला, गोळी काळी झाली. "हे विष तुम्ही रोज गिळता?" गुरुजी कळवळले. त्या दिवसापासून गोळ्या बंद. डोकं जड झालं, तर गुरुजी म्हणाले, "विष बाहेर पडतंय." काल ती त्याला ओढून दवाखान्यात घेऊन गेली, तर आकडा निघाला एकशे नव्वद. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गोळी आजच सुरू करा. नाहीतर एक दिवस अर्धं अंग लुळं पडेल." नवऱ्याने ऐकून घेतलं आणि घरी येऊन काकडी खाल्ली.

आता योग असा की, गुरुजींचे झगे धुवायला येत तिच्याच लाँड्रीत. गुरुवारी आलेल्या झग्याच्या उजव्या बाहीवर काळेनिळे ठिपके होते. ते पाहून ती जागीच थबकली. हे ठिपके तिच्या वीस वर्षांच्या ओळखीचे होते. इस्पितळातल्या नर्सबायांचे खळ घातलेले गणवेश येत, त्यांवर जखमेचं तांबडं औषध सांडलं की नेमके असेच डाग पडत. तिने नवऱ्याला सांगून पाहिलं. तो म्हणाला, "तुला काय कळतं? तू कपडे धू." तिला फार लागलं ते. पण रुसून बसायला वेळ नव्हता.

ती उठली आणि कागदात बांधलेला गठ्ठा घेऊन थेट मंचावर गेली.

"गुरुजी, एक शंका आहे."

"विचार, माते."

"तुमचा झगा शुद्ध की अशुद्ध?"

"शंभर टक्के सेंद्रिय कापूस!"

"हा तुमचाच दुसरा. काल इस्त्री केलाय." तिने झगा टेबलावर पसरला. "टाका थेंब."

"सत्यजल वस्त्रासाठी नसतं, माते."

"टाका की!" मागून कुणीतरी ओरडलं. गुरुजींचा हात काही पुढे होईना. तिनेच बाटली उचलली आणि थेंब टाकला. पांढऱ्या झग्यावर काळानिळा डाग फुलला.

"अगं बाई!" हॉल पुन्हा म्हणाला, पण या खेपेला सूर वेगळा होता.

"म्हणजे तुम्ही अंगभर विष पांघरून फिरता की हो!"

लोक खो खो हसले. गुरुजी चवताळले, "तूच लाँड्रीत रसायनं वापरतेस!"

"वापरते ना. तांदळाची खळ. घरी शिजवते." तिने पिशवीतून दवाखान्यातली बाटली काढली आणि शेजारी दुसरा थेंब टाकला. तसाच डाग पडला. "हे आयोडीन. पिठूळ वस्तूला लागलं की निळंकाळं होतं. बटाट्यात स्टार्च असतो, तांदळात, पावात, माझ्या खळीतही. गोळीत पण घालतात थोडा, भुगा होऊ नये म्हणून. काकडीत तो नसतोच, मग ती बोलणार काय? आणि हे तुमचं शुद्धीजल." तिने पाण्यात विरघळवलेली व्हिटॅमिन सीची गोळी डागावर शिंपडली. डाग गेला. "नर्सबायांनी शिकवलंय. विष असलं तर ते तिथेच राहतं, नसलं तर नसतं. जातो तो फक्त रंग. गुरुजी, तुमच्या मळ्यातला एक बटाटा दाखवता का?"

मळ्यात बटाटे होत नसत. गुरुजींना एकाएकी दुसऱ्या गावचा कार्यक्रम आठवला आणि ते मागच्या दाराने निघाले. झगा अर्थातच अर्ध्या पावलाने मागून गेला.

"पण बाई," एक आजोबा काकुळतीने म्हणाले, "माझा बटाटा शेवटी चांगला की वाईट?"

"ते थेंबाला कळत नाही, आजोबा. पिकवणाऱ्याला विचारा. शेतावर जा, काय फवारतो ते बघा. पटलं तर घ्या, आणि सुखाने खा."

ती खाली उतरून नवऱ्यासमोर उभी राहिली. "अहो, मला तुमच्या जिवाची भीती वाटते हो," ती म्हणाली. त्याने वर पाहिलं नाही, नुसता हात पुढे केला. तिने त्यावर गोळी ठेवली. कुणीतरी पाणी आणून दिलं.

भाजीपाला खावा, बिनविषारी शोधून खावा, त्यात वाईट काहीच नाही. पण कुणी एका थेंबात निकाल देऊ लागला, तर त्याला चारचौघांत विचारावं, थेंबात आहे काय? प्रश्न विचारल्याने कुणाचं ब्लडप्रेशर वाढत नाही. न विचारल्याने तिच्या घरात मात्र ते एकशे नव्वदवर गेलं होतं.