डिंकल म्हणजे गहू नव्हे

रोसविटाने गहू सोडला, तेव्हा गेबहार्टने ते फारसं मनावर घेतलं नव्हतं. बायकोची खुळं त्याला नवी नव्हती. एका वसंतात ती रोज सकाळी सेलरीचा हिरवागार रस प्यायची आणि तोंड वाकडं करून म्हणायची, छान लागतो. त्याआधी कोमट पाण्याचं वेड होतं, मग आंबवलेल्या कोबीचं, मग जवसाच्या पेजेचं. प्रत्येक खूळ जाताना तळघरात एखादी बरणी नाहीतर एखादं यंत्र ठेवून गेलं. हेही असंच जाईल, असं तो धरून चालला.

हे मात्र गेलं नाही. आणि का गेलं नाही, तर या वेळी पोटदुखी खरी होती. जेवण झालं की रोसविटा बोलता बोलता मधेच थांबायची, ओठ आवळायची आणि भांडी घासायच्या निमित्ताने उठायची. गावातल्या डॉक्टर क्रेमरने रक्त तपासलं, पोटावर यंत्र फिरवलं, काही सापडलं नाही म्हणाला, ताण असेल म्हणाला आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. तेव्हा शेजारणीच्या सांगण्यावरून ती झाउटरबाईंकडे गेली. या बाई निसर्गोपचार करायच्या, जुन्या दूध डेअरीच्या वरच्या खोलीत. तिथे जमिनीवर गालिचा होता, खिडकीत वाळलेल्या जडीबुटीच्या जुड्या होत्या आणि घड्याळ नव्हतं. रोसविटा जेवणाची वेळ टळून गेल्यावर घरी आली आणि म्हणाली, गव्हातलं ग्लुटेन मला बाधतंय.

"गव्हात काही नाही," गेबहार्ट म्हणाला. "तुझ्या पोटात ती झाउटरबाई शिरलीय."

हे वाक्य त्याला इतकं आवडलं की पुढे वर्षभर तो ते जिथे तिथे खपवत राहिला. पोस्टातल्या जुन्या दोस्तांना ऐकवलं, बहिणीच्या वाढदिवसाला भर पंगतीत ऐकवलं. लोक हसले. रोसविटाही हसली, पण बशीकडे बघून.

खरं सांगायचं तर त्याला भीती वाटली होती, आणि ती भीती फेस्परची होती. दक्षिण जर्मनीतल्या त्यांच्या वरच्या श्वाबेनमध्ये रात्री कुणी चूल पेटवत नाही. प्रत्येकापुढे आपापली लाकडी फळी, मधे पाव, धुरावलेलं मांस, चीज, मीठ लावलेल्या मुळ्याच्या चकत्या, आणि सफरचंदाच्या आंबूस मोस्टचा एकेक पेला. एवढं झालं की फेस्पर झालं. गेबहार्ट रिटायर झाल्यापासून दोघं दिवसभर एकाच घरात असायची, पण ती वाफ्यांत आणि तो शेडमध्ये. दिवसभराचं सगळं बोलणं त्या फळीवर व्हायचं. कुणाची गाय व्याली, कुणाच्या पोराने काय दिवे लावले, हॅम्बुर्गच्या मुलाचा फोन आला की नाही, सगळं. पावच गेला तर ही बाई टेबलाशी बसेल कशाला?

डिंकलने वाचवलं. झाउटरबाईंनीच सांगितलं होतं की हल्लीच्या गव्हाचा माणसांनी खेळखंडोबा केलाय, पण डिंकल हे आपल्या मातीतलं जुनं धान्य, ते खुशाल खावं. गेबहार्टला यात शंका घेण्यासारखं काही दिसलं नाही. डिंकल म्हणजे गहू नव्हे, हे त्या भागात कुणाला शिकवावं लागत नाही. लहानपणापासून त्याने दोन्हींची पोती वेगळी पाहिली होती, बेकरीत दोन्हींचे पाव वेगळ्या फळ्यांवर मांडलेले पाहिले होते. मग फेस्परला डिंकलचा पाव आला. शनिवारी सकाळचा झेले तर आधीपासूनच डिंकलचा होता. हातभर लांब, वरून जाडं मीठ आणि शहाजिरं लावलेला तो पाव. झेले म्हणजे आत्मा. तिकडे शनिवारी माणसं बेकरीत जाऊन चार आत्मे द्या म्हणतात आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही.

आणि रोसविटाचं पोट दुखायचं थांबलं! चेहऱ्यावर रंग आला. ती चर्चच्या गायनात परत जायला लागली. भेटेल त्याला सांगायची, ग्लुटेन सोडलं आणि माणसात आले. ती बरी झाली याचा गेबहार्टला आनंद होता, नाही असं नाही. पण ती झाउटरबाईंमुळे बरी झाली, हे त्याच्या घशाखाली उतरत नव्हतं. वर बहीण लिओबा त्याला चिडवायची, काय रे, पोटातली बाई फारच गुणाची निघाली की.

जूनमधल्या एका शनिवारी तो बेकरीत रांगेत उभा होता. पुढे एक बाहेरगावची बाई होती, सुट्टीला आलेली, बरोबर दात पडलेली एक किडकिडीत मुलगी. मुलीने झेलेकडे बोट दाखवलं. आईने विचारलं, हे डिंकलचं आहे ना, मग हिला चालेल का, हिला ग्लुटेनचा आजार आहे, डॉक्टरांनी आतडं तपासून सांगितलंय.

काउंटरवरची ट्राउडल चिमटा खाली ठेवून म्हणाली, "मुळीच देऊ नका. डिंकल हा गहूच आहे, फक्त सालीतून लवकर सुटत नाही एवढंच. ग्लुटेन तेवढंच, थोडं जास्तच. इथे सगळे उलटं समजतात. मी सांगून सांगून थकले."

त्या आईने मुलीचा हात काउंटरवरून असा मागे ओढला की जणू तिथे विस्तव होता. मागच्या वेळी नुसत्या चुऱ्याने पोर चार दिवस अंथरुणात होती, ती म्हणाली. गेबहार्टने ते पाहिलं, ऐकलं, आणि क्षणभर त्याला कसंसं झालं. पण क्षणभरच. कारण त्याच्या डोक्यात दिवाळी सुरू झाली होती. आपल्याकडे खपली गव्हाला कुणी गहू नव्हे म्हणावं, तसाच हा प्रकार! म्हणजे रोसविटा वर्षभर सकाळ-संध्याकाळ ग्लुटेन खातेय, पोटभर खातेय, आणि ठणठणीत आहे. म्हणजे ग्लुटेनचा काही संबंधच नव्हता. म्हणजे तो बरोबर होता. चार झेले काखोटीला मारून तो घरी निघाला तो जवळजवळ शीळ वाजवत.

घरी पोचताच त्याने सांगितलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं. पण रविवारी लिओबा कॉफीला येणार होती, आणि अशी बातमी एकट्या बायकोपुढे वाया कशाला घालवायची? त्याने दम धरला. शनिवारी सकाळी रोसविटाने झेलेला लोणी लावलं, तो बघत बसला. संध्याकाळी फेस्परला तिने पावाचे तीन तुकडे खाल्ले, तो मनात हसत बसला. आज स्वारी खुशीत आहे, ती म्हणाली, आणि स्वतःच्या हाताने त्याचा पेला भरला.

रविवारी कॉफी ओतून झाल्यावर त्याने घसा खाकरला आणि बेकरीतली हकिकत सांगितली, रंगवून, ट्राउडलचा आवाज काढून. शेवटी टेबलावर हात आपटून म्हणाला, "काय मग? कुठे गेलं तुझं ग्लुटेन?"

लिओबा फस्सकन हसली. रोसविटाच्या हातात डिंकलच्या केकचा तुकडा होता. तो तिने बशीत ठेवला.

"हे तुला कधी कळलं?" तिने विचारलं.

"काल सकाळी."

"म्हणजे काल रात्री तुला माहीत होतं."

"हो, पण..."

"मी ते विष समजते, हेही तुला माहीत होतं. आणि तू समोर बसून मला खाऊ दिलंस."

"अगं पण ते विष नाहीच आहे ना! काही झालं का तुला? तेच तर सांगतोय."

त्याचं म्हणणं बरोबर होतं. त्यात खोट काढायला जागाच नव्हती. लिओबाने मात्र हसू आवरलं, पर्स उचलली आणि जरा लवकरच निघाली. दारात भावाला हळूच म्हणाली, गाढव आहेस.

त्या दिवसापासून डिंकलही गेलं. रोसविटाने झाउटरबाईंना फोन लावला, तर बाई म्हणाल्या, तरीच तुम्हाला अधूनमधून थकवा येत होता. गेबहार्टने कपाळावर हात मारला. काहीही घडो, ही बाई हरतच नाही! पण हे बोलायचं कुणाशी? रोसविटाने स्वतःसाठी वेगळं पातेलं काढलं, लोण्याचा वेगळा डबा केला. त्याच्या पावाचा चुरा उडतो म्हणून ती संध्याकाळी पाचलाच स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून बकव्हीटची, म्हणजे कुट्टूची, खिचडी खायची आणि बागेत निघून जायची. भांडण नाही, अबोला नाही. विचारलं तर उत्तर द्यायची. साडेसहाला तो एकटा फळी घेऊन बसायचा. मुळ्याच्या चकत्या तोच कापायचा, त्या जाड व्हायच्या. रेडिओ लावून पाहिला, पण रेडिओला कुणाची गाय व्याली ते माहीत नव्हतं. वाद जिंकून आपण काय मिळवलं, असा विचार त्याच्या मनात आला आणि तो स्वतःवरच चिडला.

त्याने माफी मागायचा एक प्रयत्न केला. शहरातून ग्लुटेन नसलेला पाव आणला, चांगला महागाचा. रोसविटाने थँक यू म्हणून तो फ्रीजमध्ये ठेवला. तो पाव दोघांनीही खाल्ला नाही. गेबहार्टने चोरून चावून पाहिला होता, तो ओल्या पुठ्ठ्यासारखा लागला.

ऑगस्टमध्ये एका दुपारी तो मागच्या दाराने बागेत आला. रोसविटा दोरीवर चादरी वाळत घालत होती. अर्धी चादर घालून झाली होती, अर्धी हातातच होती, आणि ती वाकून उभी होती, ओठ आवळून, दोरीचा खांब घट्ट धरून. तेच आवळलेले ओठ. तो जागीच थांबला.

म्हणजे परत सुरू झालं होतं. गव्हाचा कण नाही, डिंकल नाही, चुरासुद्धा नाही, आणि तरी दुखत होतं. याहून मोठा पुरावा कुठला हवा? बघ, मी म्हणत नव्हतो, हे शब्द त्याच्या जिभेवर आले. अगदी ओठापर्यंत आले. तेवढ्यात तिने त्याला पाहिलं आणि पटकन सरळ झाली, चादर झटकायला लागली. तिच्या डोळ्यांत भीती होती. ती दुखण्याची नव्हती. आता हा काय बोलेल, याची होती. गेबहार्टला हे समजलं आणि त्याला स्वतःची लाज वाटली. इतकी की खाली मान घालून तो चादरीचं दुसरं टोक उचलायला वाकला.

दोघांनी मिळून चादर दोरीवर टाकली. मग तो म्हणाला, "कुठे दुखतं?"

ती बघत राहिली. यात काही खोच आहे का, हे तपासत राहिली.

"थट्टा नाही," तो म्हणाला. "कुठे दुखतं ते मला माहीत नाही."

"हे विचारायला तू दोन वर्षं लावलीस," रोसविटा म्हणाली. "झाउटरबाईंनी दारातून आत गेल्या गेल्या विचारलं. कुठे, कसं, केव्हा, तुम्हाला भीती वाटते का. मी तिथे अर्धा तास नुसती रडले. गहू वगैरे नंतर आलं, गेबहार्ट. मला वाटलं, इतकं ऐकून घेणारी बाई सांगतेय तर ते खरंच असणार. आणि बरंही वाटलं. खोटं नाही सांगत, खरंच बरं वाटलं होतं."

तिने त्याचा हात धरला, स्वतःच्या बरगड्यांखाली उजव्या बाजूला ठेवला आणि म्हणाली, "इथे. इथून सुरू होतं आणि मागे पाठीत जातं. तळलेलं खाल्लं की जास्त. आजीला असंच व्हायचं, ती त्यातच गेली. ते मी कुणालाच सांगितलं नाही, झाउटरबाईंनासुद्धा नाही."

गेबहार्टने हात काढला नाही. कापडाखाली तिचा श्वास वरखाली होत होता. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण या जागेवर आपण कधी हात ठेवला होता, ते त्याला आठवेना.

"उद्या क्रेमरकडे जाऊ," तो म्हणाला. "हे सगळं त्याला सांगायचं. आजीचंही. मी आत येणार तुझ्याबरोबर."

"तो ताण म्हणेल. दोन मिनिटांत पुढच्याला हाक मारेल."

"मारू दे की. मी खुर्चीतून उठणारच नाही."