ओट्यावरचा पिस्टन

माणसाने रुसावं, भांडावं, ताट सरकवून उठावं. त्याला माईंकडे उत्तर तयार असायचं. पण नवरा एकाएकी इतका शहाण्यासारखा वागायला लागला की त्यांना घरात बसवेना. स्वतःचं ताट स्वतः उचलतोय, ओला टॉवेल दोरीवर टाकतोय, काहीही विचारलं की "बरं" म्हणतोय. ज्या सवयी लावताना उभ्या संसारात माईंची जीभ झिजली, त्या सगळ्या आता फुकटात लागल्या होत्या, आणि त्या बघवत नव्हत्या.

कारण माईंना ठाऊक होतं. दुखणं तेच होतं.

नाना पाणीपुरवठ्याच्या कचेरीत कारकून होते. कुठल्या पंपाचं इंजिन बिघडलं नि कुणी दुरुस्त केलं, हे जन्मभर लिहिलं. स्वतः हात काळे करायची वेळ कधी आली नाही. निवृत्त झाल्यावर त्यांनी माईंचं शिलाई मशीन माळ्यावर चढवलं, त्याच्या टेबलावर धातू कातायचा छोटा लेथ बसवला आणि मुठीएवढं, पण खरोखर पेट्रोलवर चालेल असं इंजिन करायला घेतलं. माईंनी टोमण्यांत कसर ठेवली नाही. "लोक या वयात नातवंडांना खेळणी आणतात, आमच्याकडे स्वतःचीच चाललीत." आल्यागेल्याला मात्र त्याच खोलीचं दार उघडून दाखवायच्या. "ते पितळेचं चाक बघा. घरी केलंय. हात लावू नका."

इंजिन पहिल्यांदा सुरू करायचं ठरलं त्या दिवशी लेक-जावई बघायला येणार होते. सकाळी नानांनी पिस्टनचं काम पुरं केलं, वाटीभर रॉकेलमध्ये तो बुडवून ओट्याच्या कडेला ठेवला आणि पेट्रोल आणायला गेले. माईंनी वाटीत डोकावून पाहिलं. अंगठ्याएवढा लोखंडाचा तुकडा, राखाडी, कळकट. जावयासमोर हे ठेवायचं? ज्या घरातल्या पातेल्यात तोंड दिसतं, त्या घरात? त्यांनी तारेची घासणी घेतली, भांड्यांची पावडर घेतली आणि पिस्टन असा लख्ख केला की बघत राहावं. परत वाटीत ठेवला. बोलल्या काही नाहीत. नानांनी आपणहून म्हणावं, अगं, काय चकाकतोय, एवढीच हौस होती.

नाना घाईघाईत आले, तेल चोपडलं, पिस्टन बसवला. तोवर दारात लेक-जावई हजर.

चाकाला दोरी गुंडाळून ओढली. इंजिन खोकलं. पुन्हा ओढली. फुस्स.

"नाना, उतारावर नेऊन ढकलू का?" जावई म्हणाला. लेक हसली. माईंनीही फोडणी घातली, "माझ्या मशीनवर निदान उशांचे अभ्रे तरी निघायचे."

नानांनी इंजिन उघडलं. सिलिंडर उभा धरला, तर पिस्टन टपकन तळहातावर पडला.

"ढिला झालाय," ते हळूच म्हणाले. मग जावयाला समजावून सांगायला लागले. "हा नि सिलिंडर एकमेकांत बारीक कणांच्या पेस्टने घासून जुळवायचे असतात. पिस्टनला राखाडी रंग चढला की हात थांबवायचा. तेल लावून सोडला तर तो सावकाश उतरला पाहिजे. हा बघ, आरसा झालाय. कडेने हवा निसटते, दाबच राहत नाही, मग पेट्रोल पेटणार कसं? सकाळी बरोबर होता असं वाटलं होतं मला. मोहाने जास्त घासला असणार. हाताला कळेनासं झालंय आता."

माईंनी चहाचा ट्रे टेकवला. शब्द ओठांपर्यंत आला. पण समोर जावई होता, आणि आयुष्यात माई जावयासमोर चुकल्या नव्हत्या. साखर आणायचं निमित्त करून त्या आत गेल्या.

मग म्हटलं उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी नाना ताट उचलून स्वतःच घासायला बसले, तेव्हा तोंड उघडवेना. "दुसरा करा की पिस्टन," माईंनी एकदा सुचवून पाहिलं. नाना म्हणाले, "पिस्टन दुसरा होईल गं. हात कुठून आणू?" त्या दिवसापासून घासणी हातात घेतली की माईंना मन खायला उठायचं. भांडी नुसती विसळून पालथी पडायला लागली. लेकीने पातेल्याला बोट लावून विचारलं, "आई, बरं नाहीये का तुला?"

आज तर कळसच झाला. कोपऱ्यावरचा सायकल दुरुस्तीवाला लेथ कायमचा न्यायला येणार होता. नाना फडकं घेऊन लेथ पुसत होते, पाहुण्याकडे पाठवायच्या लेकराचं तोंड पुसावं तसे. माई दारात उभ्या दिसल्यावर म्हणाले, "तुझं टेबल मोकळं होतंय बघ. मशीन काढून देतो माळ्यावरून. अभ्रे शिव."

टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर माईंनी परतवला असता. खाली हातगाडीची चाकं खडखडली, आणि सायकलवाल्याने हाक मारली. नाना उठले. माईंनी दाराच्या चौकटीला दोन्हीकडून हात लावून वाट अडवली.

"बसा खाली. तुमच्या हाताला काही धाड भरलेली नाही. तो पिस्टन मी घासला. भांड्यांच्या पावडरीने, तारेच्या घासणीने, चांगला जोर लावून. गुन्हा माझा, आणि तो पोटात ठेवून तुम्हाला असं मरगळलेलं बघत राहिले, हा त्याहून मोठा. जावयालाही मीच सांगेन. पण तुम्हीही सुटत नाही. माझ्या ओट्यावर आलेली वस्तू घासल्याशिवाय राहिलीय कधी? इतकी वर्षं माझ्याशी संसार करून तुम्ही आळ घेतलात तो स्वतःच्या हातावर. पहिला संशय माझ्यावर यायला हवा होता. आता त्या सायकलवाल्याला आल्या वाटेने परत पाठवा, आणि नवा पिस्टन करायला घ्या. आणि तो माझ्या ओट्यावर ठेवायचा नाही."