टेबलावरच्या रेघा

बायको गेल्यापासून मुलीने इंग्रजी मोठ्याने वाचणं सोडलं होतं. रोज संध्याकाळी तिचं वाचन आईच ऐकायची. दहावीची तोंडी परीक्षा सोमवारी होती. मी शिंपी, मला इंग्रजीचं एक अक्षर येत नाही. तरी मशीन बंद केली आणि बायकोच्या खुर्चीवर बसलो. बसताना जीवावर आलं.

"वाच, मी ऐकतो."

"बाबा, तुम्हाला काय कळणार, कप्पाळ!"

"भाषा नाही कळत. पण तू अडखळलीस की कळतं. टाका सुटला तर मी न बघता ओळखतो."

ती वाचू लागली. अडखळली की मी कापडाच्या खडूने टेबलावर रेघ ओढायचो. पहिल्या दिवशी सतरा रेघा झाल्या.

"एवढ्या नाहीत हं!" ती चिडली आणि अडलेली वाक्यं शोधून पुन्हा वाचत बसली. रविवारी दोनच रेघा झाल्या.

सोमवारी तिने आल्या आल्या दप्तर टाकलं. "एकदाही अडखळले नाही! बाईंनी विचारलं, शिकवणी कुणाकडे लावलीस?"

"मग?"

"शिंप्याकडे म्हटलं. आता निबंध लिहिते, तोही ऐका."