पात्यावरचा लांडगा

अकील शिकलगाराच्या हाताखाली गंज टिकत नाही, असं नंदुरबारच्या मिरची बाजारात कुणीही सांगेल. पण मेला तोच हात यंदा नडला.

फत्तेसिंग बापू गिरासे दर दसऱ्याच्या आधी घरची सरळ पात्याची तलवार त्याच्याकडे उजळायला आणत. यंदा म्हणाले, "पुणाथीन तलवारीसनी जाणकार बाई येणार शे, मस्त चमकाडी दे." अकीलने ते इतकं मनावर घेतलं, की एरवी नुसता राख-तेलाचा हात फिरवणारा गडी यंदा पॉलिशच्या मशीनवरच बसला. मुठीजवळ कुत्र्यासारखे चार-पाच ओरखडे होते. कुण्या पोराने खिळ्याने कोरले असतील, पूजेच्या हत्यारावर कुत्रं कशाला, म्हणून त्याने तेही घासून टाकले. पातं आरशागत झालं. स्वतःवरच खूश होऊन तो तलवार घेऊन बापूंच्या घरी गेला.

ती जाणकार बाई, नेहल, येऊन बसलीच होती. तिने एका जुन्या चित्राचा फोटो पुढे केला. चारशे वर्षांपूर्वीचा कुणी सरदार, हातात अशीच तलवार.

"मूठ आपल्याकडची, पातं युरोपातलं. याला फिरंग म्हणायचे," ती म्हणाली. "चित्राशी जुळतंय खरं, पण अशी पाती मागाहूनही बनली. जुन्या कारागिरांची खूण असायची, कोरलेला लांडगा. तेवढा दिसला, की संग्रहालयात तुमच्या घराण्याच्या नावाने ठेवू."

"शे ना! मन्हा बाप दखाडे माले," म्हणत बापू बापाने दाखवलेल्या जागी, मुठीजवळ, पात्यावर वाकले. त्यांनी बोट फिरवलं, चष्मा पुसला, पुन्हा फिरवलं.

अकीलला ते घासून टाकलेले ओरखडे आठवले. या अल्ला, कुत्रं नव्हतंच ते!

"अकील, तू सांग. दरसाल तुन्हा हातमा येस. लांडगा व्हता ना?"

आता बोल की मर्दा! पण तीस वर्षांचं नाव, त्यात परकी बाई समोर. कबूल करायची लाज वाटली.

"नही बापू. मी तं कधी दखा नही."

बापूंनी तलवार बाजूला ठेवली. त्यांनी नेहलपुढे हात जोडले.

"माफ कर बेटा, फुकट हेलपाटा पडना तुले. मन्हा बापच खोटं बोलना व्हई. अकील कधी खोटं बोलस नही."